क्षणिक पक्षाघात आणि पहिले चोवीस तास

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या मराठींत पक्षाघाताला “अंगावरून वारें जाणें” असें म्हणतात. धडधाकट माणूस सकाळीं उठतो, आणि दुपारच्या आंत त्याचा एक हात व एक पाय लुळा पडतो, तोंड वांकडें होतें, वाचा बसते. वारें कोठून आलें हें कोणाला कळत नाहीं. तें काय करून गेलें एवढेंच मागें दिसतें. ज्यांनीं हा वाक्प्रचार रूढ केला त्यांना मेंदूची रचना ठाऊक नसेल. परंतु आकस्मिकपणा हें या रोगाचें मुख्य लक्षण त्यांनीं अचूक टिपलें होतें.

आज मला बोलावयाचें आहे तें या मोठ्या वाऱ्याविषयीं नव्हे, तर पुष्कळदां त्याच्या आधीं येणाऱ्या एका लहानशा झुळुकेविषयीं. समजा, साठीचे एक गृहस्थ जेवावयास बसले आहेत. घांस उचलतां उचलतां त्यांचा उजवा हात एकाएकीं गळून पडतो. बोलूं जातात तों शब्द नीट फुटत नाहीं. घरांतील मंडळी घाबरून भोंवतीं जमतात. दहा-पंधरा मिनिटांत हात पुन्हां हालूं लागतो, वाचा मोकळी होते, आणि गृहस्थ स्वतःच हंसून म्हणतात, “कांहीं नाहीं, जरा अवघडल्यासारखें झालें.” कोणी म्हणतें पित्त झालें असेल, कोणी म्हणतें ऊन लागलें असेल. लिंबाचें सरबत होतें, पंखा लावला जातो, आणि शेवटीं सर्वांचें एकमत होतें कीं, “आतां बरें वाटतें आहे ना? मग उद्यां बघूं.”

या “उद्यां बघूं”विषयींच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी वैद्य नव्हे. उभा जन्म शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला. रोग बरा कसा करावा हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं, आणि तें सांगणारही नाहीं. परंतु रोग्याला योग्य दाराशीं वेळेवर पोंचविणें हें काम वैद्याचें नसून घरच्या माणसांचें आहे, आणि त्याविषयीं सामान्य माणसानें सामान्य माणसांशीं बोलावयास हरकत नसावी.

अशा झटक्याला वैद्यक-शास्त्रांत “ट्रान्झिएंट इस्किमिक अटॅक” असें नांव आहे. आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला “टी. आय. ए.” म्हणतात, आणि बोलण्यांत “मिनी-स्ट्रोक” हा शब्द आतां रूढ झाला आहे. आपण त्याला क्षणिक पक्षाघात म्हणूं.

तो कसा होतो हें आधीं पाहूं. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याएवढें. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. तो प्राणवायु रक्तांतून येतो, आणि तें रक्त मानेंतील चार रोहिण्यांतून वर चढतें : दोन पुढच्या बाजूला व दोन मागें, मणक्यांच्या आधारानें. या रोहिण्यांच्या आंतल्या बाजूस वयोमानानें, रक्तदाबानें, मधुमेहानें, तंबाखूनें मेदाचे थर बसतात. अशा खडबडीत जागीं रक्ताची लहानशी गुठळी धरते, सुटते, प्रवाहाबरोबर वर जाते आणि मेंदूंतील एखाद्या बारीक रोहिणींत अडकते. कधीं गुठळी हृदयांतून येते. विशेषतः ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या. अडकलेल्या जागेच्या पलीकडचा मेंदूचा भाग तत्क्षणीं काम थांबवितो. तो भाग हाताचा असेल तर हात गळतो, वाचेचा असेल तर वाचा जाते. गुठळी तशीच राहिली तर तो भाग मरतो, आणि त्याला पक्षाघात म्हणतात. गुठळी विरघळली किंवा फुटून पुढें सरकली, तर रक्त पुन्हां वाहूं लागतें आणि गेलेली शक्ति परत येते. तो क्षणिक पक्षाघात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. गुठळी विरघळली, पण ती जेथून आली ती खडबडीत जागा तशीच आहे. अनियमित चालणारें हृदय तसेंच आहे. लक्षण गेलें, कारण राहिलें. बरें वाटणें हा रोग गेल्याचा पुरावा नव्हे; या खेपेस गुठळी लहान होती, एवढाच त्याचा अर्थ.

हा संबंध लक्षांत आणून देणाऱ्यांत कॅनडांतील डॉ. मिलर फिशर यांचें नांव अग्रगण्य आहे. मानेंतील रोहिणी बंद पडल्यामुळें होणाऱ्या पक्षाघाताविषयींचा त्यांचा निबंध १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. पक्षाघात झालेल्या रोग्यांना ते मागचें खोदून खोदून विचारीत. तेव्हां कांहीं रोगी सांगूं लागले कीं, या आधीं एका डोळ्यापुढें कांहीं मिनिटें अंधारी येऊन गेली होती. नवल असें कीं, अंग उजवें लुळें पडलेलें, तर अंधारी आलेला डोळा डावा. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो, हें पूर्वीपासून ठाऊक होतें. पण डाव्या डोळ्याला रक्त मिळतें तें डाव्याच बाजूच्या रोहिणीच्या शाखेंतून. तेव्हां डावा डोळा आणि उजवें अंग यांना जोडणारा दुवा एकच : मानेंतील डावी रोहिणी. बिघाड मेंदूंत शोधीत होते, तो मानेंत सांपडला. आणि तो आधींच सूचना देत होता हेंही कळलें.

मग प्रश्न आला कीं, सूचना आणि संकट यांच्यामध्यें अवधि किती? त्याचें उत्तर २००० सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतून मिळालें. तेथें डॉ. क्लेबोर्न जॉन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत येऊन गेलेल्या आणि क्षणिक पक्षाघाताचें निदान झालेल्या १७०७ रोग्यांची पुढील हकीकत तपासली. त्यांपैकीं १८० जणांना नव्वद दिवसांच्या आंत खरा पक्षाघात झाला. म्हणजे शेंकडा साडेदहा. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, त्या १८० पैकीं ९१ जणांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला होता. तीन महिन्यांतील निम्में संकट पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत कोसळलें. “उद्यां बघूं” म्हणणारा माणूस नेमका हाच काळ खर्च करून टाकतो.

आतां कोणी म्हणेल, धोका आहे हें पटलें. पण घाई केल्यानें तो टळतो कशावरून? या शंकेचें समाधान इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथें झालें, आणि मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो हाच भाग.

ऑक्सफर्ड व आसपासच्या भागांत डॉ. पीटर रॉथवेल यांच्या नेतृत्वाखालीं क्षणिक व सौम्य पक्षाघाताच्या रोग्यांसाठीं एक चिकित्सालय चालत होतें. एप्रिल २००२ पासून सप्टेंबर २००४ पर्यंत तेथील रीत अशी होती : घरच्या डॉक्टरनें चिठ्ठी धाडावयाची, चिकित्सालयानें भेटीची वेळ नेमून द्यावयाची, रोग्यानें त्या वेळीं हजर व्हावयाचें, तज्ज्ञानें तपासून आपला अभिप्राय घरच्या डॉक्टरकडे फॅक्सनें पाठवावयाचा, आणि मग घरच्या डॉक्टरनें औषध लिहून द्यावयाचें. या रीतींत आळशी कोणीच नव्हतें. प्रत्येक जण आपापलें काम नेमून दिल्याप्रमाणें करीत होता. तथापि रोग्यानें मदत मागितल्यापासून पहिलें औषध लिहून मिळेपर्यंत मधल्या रोग्याला वीस दिवस लागत होते.

ऑक्टोबर २००४ पासून मार्च २००७ पर्यंत रीत बदलली. वेळ नेमून घेण्याची प्रथा काढून टाकली. घरच्या डॉक्टरनें संशय येतांच रोग्याला थेट चिकित्सालयाकडे धाडावें, आणि निदान पक्कें होतांच औषध तेथल्या तेथें सुरू करावें, असें ठरलें. वीस दिवसांचा एक दिवस झाला. औषधें नवीं नव्हतीं, यंत्रें नवीं नव्हतीं, डॉक्टरही बहुतेक तेच. बदलला तो मधला वेळ.

आणि परिणाम? पहिल्या काळांत त्या चिकित्सालयांत आलेल्या ३१० रोग्यांपैकीं ३२ जणांना नव्वद दिवसांत पुन्हां पक्षाघात झाला. दुसऱ्या काळांत २८१ पैकीं फक्त ६ जणांना. शेंकडा दहाच्या वर असलेला धोका शेंकडा दोनांवर आला. त्याच मुलखांत त्याच काळीं ज्यांच्यावर अन्यत्र उपचार झाले त्यांच्या धोक्यांत असा फरक पडला नाहीं. तेव्हां हें श्रेय हवामानाला किंवा दैवाला देतां येत नाहीं. ही हकीकत २००७ सालीं “लॅन्सेट” या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं पॅरिसमधील बिशा रुग्णालयाचाही अनुभव प्रसिद्ध झाला. तेथें अहोरात्र उघडें असलेलें असेंच चिकित्सालय होतें. तेथें आलेल्या १०८५ रोग्यांपैकीं बहुतेकांना तपासून, औषध देऊन त्याच दिवशीं घरीं पाठविलें जाई. आणि जेथें शेंकडा सहा जणांना पक्षाघात होईल अशी अपेक्षा होती तेथें तो सव्वा जणाला झाला. म्हणजे घाई करावयाची याचा अर्थ महिनाभर खाट धरावयाची असा नव्हे.

तज्ज्ञाकडे गेल्यावर होतें काय, हेंही थोडक्यांत सांगतों. प्रथम तो हकीकत बारकाईनें ऐकतो. कारण रोगी समोर येतो तेव्हां बहुधा धडधाकट झालेला असतो आणि पाहण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. मग मेंदूचें चित्र घेतलें जातें, एम्. आर. आय्. या यंत्रानें बारीकशी इजाही दिसते, आणि रक्तस्राव झाल्याचा संशय असेल तर सी. टी. स्कॅननें तो तात्काळ कळतो. मानेंतील रोहिण्यांची ध्वनिलहरींनीं तपासणी होते, हृदयाचा आलेख काढतात, रक्तदाब, साखर व मेद पाहतात. मग कारणाप्रमाणें उपाय. गुठळी धरूं नये म्हणून ॲस्पिरिन व त्याच्या जोडीला कांहीं दिवस क्लोपिडोग्रेल दिलें जातें. चीनमधील ५१७० रोग्यांवर केलेला या जोडीचा प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकट्या ॲस्पिरिननें जेथें शेंकडा ११.७ जणांना नव्वद दिवसांत पक्षाघात झाला, तेथें जोडीनें ८.२ जणांना झाला. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर औषध निराळें लागतें. मानेंतील रोहिणी फारच अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेनें ती साफ करतात. अशा रोग्यांवरील उत्तर अमेरिकेंतील १९९१ सालच्या प्रयोगांत, त्याच बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतील धोका या शस्त्रक्रियेनें शेंकडा २६ वरून ९ वर आला. ही शस्त्रक्रियाही पहिल्या दोन आठवड्यांत केली तरच तिचा पुरा लाभ होतो. पाहा, येथेंही पुन्हां वेळच आली.

पूर्वी वय, रक्तदाब, लक्षणें, त्यांची मुदत व मधुमेह यांना गुण देऊन, बेरीज मोठी आली तर रोग्याला लौकर पाठवावें, नाहीं तर सावकाश, असा एक हिशेब प्रचारांत होता. परीक्षेच्या गुणांवर ज्याचें आयुष्य गेलें त्या माझ्यासारख्याला तो पसंत पडण्यासारखा होता. पण कमी गुण मिळालेल्यांतही मानेंतील रोहिणी अरुंद असलेले किंवा हृदय अनियमित असलेले रोगी निघूं लागले. म्हणून इंग्लंडांतील “नाइस” या संस्थेनें २०१९ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत तो हिशेब वापरूं नये असें सांगितलें. गेल्या आठवड्यांत झटका येऊन गेला असेल तर तज्ज्ञाची तपासणी चोवीस तासांच्या आंत व्हावी; आठवडा उलटून गेला असेल तरी ती सात दिवसांत व्हावी. सर्वांना हाच नियम.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्याकडे सर्वच गांवीं अशीं खास चिकित्सालयें नाहींत. पण मेंदूविकारतज्ज्ञ आणि सी. टी. किंवा एम्. आर. आय्. यंत्र असलेलें रुग्णालय आपल्या शहरांत कोठें आहे, रात्रीं तें उघडें असतें कीं नाहीं, एवढें प्रत्येक सुशिक्षित घरानें आजच विचारून ठेवावें. संकट आल्यावर पत्ता शोधीत बसणें हेंही एक प्रकारें “उद्यां बघूं”च होय.

लक्षणें ओळखावयास कठीण नाहींत. एकाएकीं तोंडाची एक बाजू ओघळणें. एक हात किंवा एक पाय अशक्त वा बधिर होणें. बोलणें बोबडें होणें, शब्द न सुचणें किंवा दुसऱ्याचें बोलणें न समजणें. एका डोळ्यापुढें पडदा सरकल्यासारखी अंधारी येणें. यांपैकीं कांहींही झालें तर संशय धरावा. “एकाएकीं” हा शब्द यांत महत्त्वाचा. हळूहळू वाढत गेलेली दुखणीं, नुसती भोंवळ, नुसती मूर्च्छा, यांचीं कारणें बहुधा निराळीं असतात. अर्धशिशी, फेंफरें, मधुमेह्याच्या रक्तांतील साखर उतरणें यांनींही असाच भास होतो. म्हणून मधुमेही माणसाची साखर ताबडतोब पाहावी. पण हें कीं तें, हा निवाडा दिवाणखान्यांत बसून करावयाचा नसतो.

लक्षणें चालू असतील तर क्षणिक कीं कायमचें याची वाट पाहूं नये. हा पक्षाघातच समजावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें मोठ्या रुग्णालयांत न्यावें. गुठळी विरघळविणारें इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. अशा वेळीं रोग्याला अन्न, पाणी वा गोळी कांहींही देऊं नये. गिळणें बिघडलेलें असूं शकतें, आणि गुठळी आहे कीं रक्तस्राव आहे हें चित्र काढल्याविना कोणालाच कळत नाहीं. रक्तस्रावांत ॲस्पिरिन अपाय करील.

लक्षणें पूर्णपणें गेलीं असतील तर त्याच घटकेला घरच्या डॉक्टरांना कळवावें आणि “आजच तज्ज्ञाकडे जावयास हवें ना?” असें स्पष्ट विचारावें. ते भेटत नसतील तर थेट रुग्णालयांत जावें. ॲस्पिरिनची पहिली मोठी मात्रा लगेच द्यावी कीं नाहीं, हें डॉक्टर ठरवितील. तें औषध फार गुणाचें आहे. पण ज्याला त्याचें वावडें आहे, ज्याला पोटांत व्रण आहे, जो आधींच रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेतो, त्याची गोष्ट निराळी. रोग्यानें स्वतः मोटार वा स्कूटर चालवीत मात्र जाऊं नये.

आणि एक काम असें आहे कीं, तें घरचींच माणसें करूं शकतात. एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावें : झटका किती वाजतां आला, किती मिनिटें टिकला, कोणती बाजू, वाचा गेली होती कीं नाहीं, पूर्वी असें कधीं झालें होतें काय, रोज कोणतीं औषधें चालू आहेत. मीं वर सांगितलें कीं, तज्ज्ञापुढें रोगी येतो तेव्हां पाहण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. जें होतें तें तुम्हीं पाहिलें आहे. तुमच्या त्या आठ ओळी तज्ज्ञाला एखाद्या यंत्राइतक्या उपयोगी पडतात.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. एवढी धांवपळ करून, पैसा खर्चून गेलों, आणि तज्ज्ञ म्हणाला “हें तें नव्हे”, तर? तर आनंद मानावा. अशा चिकित्सालयांत धाडलेल्या रोग्यांपैकीं पुष्कळांना दुसरेंच कांहीं झालेलें निघतें, आणि तेथील तज्ज्ञ त्याबद्दल कोणाला दोष देत नाहींत. खर्चाची भीति खरी आहे; पण पक्षाघात होऊन वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खर्च, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या बाईच्या आयुष्याचा खर्च, हा कोणी मांडतो काय? तो बहुधा कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं.

आणखी एक अडचण आपल्या स्वभावांत आहे. घरांतील वडील माणसाला “दवाखान्यांत चला” म्हणावयास सुना-मुलें संकोचतात, आणि वडील माणसें आपल्यामुळें घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प बसतात. दोन्ही बाजूंचा हेतु चांगला असतो, आणि त्यांत दिवस जातो. वडीलधाऱ्यांना माझी विनंति एवढीच कीं, अशी अंधारी किंवा बधिरता एकांतांत येऊन गेली तर ती लपवूं नये. आणि धाकट्यांना सांगणें हें कीं, या एका बाबतींत त्यांचें “मला कांहीं झालेलें नाहीं” हें म्हणणें ऐकूं नये. ऑक्सफर्डच्या त्या सहा आणि बत्तीस जणांमधला फरक कोणत्याही नव्या औषधानें पडलेला नव्हता. तो वेळ न दवडल्यानें पडला होता. आणि त्या वेळेचा पहिला भाग रुग्णालयाच्या नव्हे, तर आपल्या घराच्या हातीं असतो.